फक्कीच्या रेषा : उपनगरांतील हौशी कबड्डीची पंचाहत्तर वर्षे

ज्या वर्षी अंधेरी आणि घाटकोपर ही गावे मुंबई शहराच्या दप्तरात दाखल झाली, त्याच वर्षी आपल्या वाडीवस्तीवरील हुतूतूला कबड्डी या नावाने अखिल भारतीय संघटनेचे छत्र लाभले, हा योगायोग या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत प्रारंभीच नोंदवून ठेवावासा वाटतो. १५ एप्रिल १९५० रोजी मुंबईची नगरहद्द पश्चिमेस जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडूपपर्यंत वाढली, आणि त्याच साली अखिल भारतीय कबड्डी फेडरेशनची स्थापना झाली. बोरिवली आणि मुलुंड हे दोन भाग १ फेब्रुवारी १९५७ रोजी बृहन्मुंबईत आली. पुढे १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, त्या वेळी बीजिंग येथे आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या आणि त्याच स्पर्धांत कबड्डीला प्रथमच पदकाच्या खेळाचा दर्जा मिळून भारताने सुवर्णपदक संपादन केले. उपनगर आणि कबड्डी ही दोन्ही एकाच पंक्तीत बसून वाढली आहेत. म्हणून एकाची हकीकत सांगताना दुसऱ्याची सांगणे क्रमप्राप्त होते.

या वृत्तांतात व्यक्तींची नावे थोडी येतील. हा खेळ ज्यांनी उभा केला त्यांपैकी बहुतेकांनी आपले नाव कोठेही कोरून ठेवले नाही. पावतीपुस्तक बगलेत मारून दारोदार फिरणारे, कामावरून सुटताच मैदानावर पाण्याचे डबे ओतणारे, आणि सामना संपल्यावर सर्वांच्या मागून घरी जाणारे असे ते लोक होते. त्यांचे ऋण सामुदायिक आहे आणि त्याची कृतज्ञता आम्ही सामुदायिकपणेच व्यक्त करीत आहोत.

१९५० पूर्वी : खाचरातील हुतूतू

ठाणे जिल्ह्यातून वेगळा काढून १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा प्रथम निर्माण झाला आणि त्याचे मुख्य ठाणे वांद्रे येथे राहिले, तेव्हा आज ज्यांना आपण स्थानकांच्या नावांनी ओळखतो ती सर्व स्थळे मुळात गावे होती. आगरी, कोळी, भंडारी, कुणबी अशा कष्टकरी समाजांची गावठाणे, त्यांच्या भोवती भाताची खाचरे, ताडामाडांच्या वाड्या आणि खाडीकडेची मिठागरे असा हा साष्टीचा मुलूख होता. ५ जानेवारी १९२८ रोजी विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली आणि शहर जवळ आले खरे, परंतु गावांची दिनचर्या त्यानंतरही बराच काळ पावसाच्या व पिकाच्या हिशेबानेच चालत असे.

भात कापून झाले, खाचर वाळले, म्हणजे त्याच खाचरात संध्याकाळी हुतूतूचा डाव मांडला जाई. त्याला लागणारे साहित्य म्हणजे माणसाचा दम आणि पायाच्या अंगठ्याने ओढलेली एक रेघ एवढेच असल्यामुळे गरिबातील गरीब मुलालाही हा खेळ परका नव्हता. मात्र प्रत्येक गावाचा रिवाज निराळा असे. कोठे बाद झालेला गडी आपल्या पक्षाने प्रतिपक्षाचा गडी मारताच जिवंत होई. कोठे एकदा बाद झालेल्यास सर्व संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसावे लागे. तर कोठे गडी बाद न होता केवळ गुणांची नोंद होई. या तीन प्रकारांना अनुक्रमे संजीवनी, गामिनी आणि अमर अशी नावे पडली. पुढे सर्वत्र संजीवनी प्रकार मान्य झाला, आणि तो निर्णय फार शहाणपणाचा होता असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण बाहेर बसलेल्या गड्याला पुन्हा आत येण्याची आशा शिल्लक राहिल्यामुळे सामन्याचा निकाल अखेरच्या मिनिटापर्यंत कोणाच्याही हाती येत नाही, आणि हरणारा संघही मनाने हरत नाही.

नियम एक असल्यावाचून दोन गावांचा सामना निर्वेध पार पडणे शक्य नव्हते, आणि ते नियम लिहून काढण्याचे कार्य मुख्यत्वे महाराष्ट्राने केले याचा प्रत्येक मराठी क्रीडाप्रेमीस सार्थ अभिमान वाटावा. देशी खेळांना शिस्त लावण्याची जी चळवळ पुण्याच्या आणि बडोद्याच्या व्यायामसंस्थांत सुरू झाली होती, तिच्यातूनच १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे सामने भरविले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने नियमांना पुढे अधिक सुघटित रूप दिले. आणि १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली, त्यांत हा खेळही जगापुढे आला. १९३८ साली कलकत्त्याच्या अखिल भारतीय क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश झाला. बंगालचे हाडुडू आणि मद्रासकडील चेडुगुडु यांचे आणि आपल्या हुतूतूचे रक्त एकच आहे, ही जाणीव याच काळात दृढ झाली.

उपनगरांत या खेळाला जी प्रतिष्ठा मिळाली तिच्यामागे त्या काळचे राष्ट्रीय वातावरणही होते. पार्ल्यात १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला होता, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पार्ल्यातच पडली होती, आणि देशी वस्त्राप्रमाणे देशी खेळही आपला मानावा ही भावना सुशिक्षित घरांतही रुजली होती. गावठाणातील मुलगा आणि शाळेतील मुलगा एकाच मैदानात समोरासमोर उभे राहिले ते प्रथम कबड्डीमुळे, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९५० ते १९६० : वाडीचे मंडळ

फेडरेशनची स्थापना झाली आणि १९५२ साली मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली. १९५५ साली कलकत्त्यात महिलांसाठीही राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. परंतु मद्रासला संघ जावयाचा तर राज्याची निवड व्हावयास हवी, राज्याची निवड व्हावयाची तर जिल्ह्याजिल्ह्यांचे सामने व्हावयास हवेत, आणि जिल्ह्याचे सामने व्हावयाचे तर आधी वाडीवाडीत नोंदलेली मंडळे हवीत. ही उतरंड वरून रचली गेली असली तरी तिचा भार तळातल्या मडक्यानेच वाहिला.

हे मंडळ म्हणजे काय असे? एखादी वाडी, एखादी चाळ किंवा एखादे गावठाण. देवतेचे, संताचे, शिवछत्रपतींचे अथवा नुसत्या वाडीचे नाव. एक अध्यक्ष, जो बहुधा वयोवृद्ध आणि सर्वांना मान्य असा असे. एक चिटणीस, ज्याचे अक्षर चांगले. एक खजिनदार, ज्याच्या घरी पत्र्याची पेटी. आणि दहा-बारा खेळगडी. गणेशोत्सव, सत्यनारायण आणि कबड्डी या तिन्हींचा जमाखर्च पुष्कळ ठिकाणी एकाच वहीत असे. वर्गणी आण्यांत गोळा होई, आणि त्या आण्यांतूनच बनियनांवर आकडे शिवले जात.

मैदान करणे हे काम खेळण्याहून कमी कौशल्याचे नव्हते, आणि त्याचे वर्णन येथे विस्ताराने करण्याचा मोह आम्ही आवरणार नाही, कारण तरुण पिढीने ते पाहिलेलेच नाही. पावसाळा ओसरला की जागा कुदळीने उखणावयाची. त्यातील खडे, काचा, खिळे हातांनी वेचून काढावयाचे. बाहेरून आणलेली तांबडी माती चाळणीतून चाळून वर पसरावयाची. तिच्यावर पाणी शिंपून ती रात्रभर मुरू द्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी रूळ फिरवून ती अशी दाबावयाची की पडणाऱ्या गड्याचे ढोपर फुटू नये आणि धावणाऱ्याचा पायही घसरू नये. मग सुतळी ताणून तिच्या कडेने फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारावयाच्या. मध्यरेषा, निदानरेषा, बाजूचे राखीव पट्टे, अशा प्रत्येक रेषेचा एकेक जाणकार मंडळात ठरलेला असे, आणि त्याच्या हातून मारलेली रेष वाकडी गेल्याचे आम्ही कधी पाहिले नाही. पुढे निदानरेषेच्या मागे बोनसरेषाही आली. आज नियमपुस्तिकेत पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, महिलांचे १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद, पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यापलीकडे १ मीटरवर बोनसरेषा, असे नेमके माप छापलेले असते. परंतु हे माप हातात घेऊन जमिनीवर उतरविणाऱ्यांची परंपरा वाडीतच घडली.

या स्मरणिकेच्या लेखकाने बालपणी घाटकोपरात, आईच्या पदराला धरून, असा पहिला सामना पाहिला. बांबूंना बांधलेले दिवे, दोरीपलीकडे मांडी घालून बसलेली माणसे, आणि अचानक सगळीकडे शांतता पसरून ऐकू येणारा एकट्या चढाईपटूचा दमाचा जप, एवढे त्यातील आजही स्पष्ट आठवते. दोनशे माणसे एका माणसाचा श्वास मोजीत आहेत, असे दृश्य अन्य कोणत्या खेळात दिसत असेल असे वाटत नाही.

१९६० ते १९७० : पाळी सुटल्यावर

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतरचे दशक हे उपनगरांत भोंग्यांचे दशक होते. कुर्ल्याचा प्रीमियर मोटारींचा कारखाना, विक्रोळीचे गोदरेज, भांडूपची सीएट व गेस्ट कीन विल्यम्स, कांदिवलीचे महिंद्र, अशी कारखान्यांची रांग आग्रा रस्त्याच्या आणि पश्चिम रेल्वेच्या कडेने उभी राहिली. रत्नागिरीच्या आणि घाटावरच्या गावांतून आलेली तरुण मुले तेथे कामाला लागली. आणि त्यांनी गावाकडून ट्रंकेतून कपडे आणावेत तशी कबड्डीही बरोबर आणली. विक्रोळीच्या टागोरनगर, कन्नमवारनगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींत वेगवेगळ्या जिल्ह्यांतील माणसे शेजारी राहू लागली तेव्हा ओळखीचे पहिले साधन पुष्कळदा खेळ हेच ठरले.

कारखान्यांनी, बँकांनी, रेल्वेने आणि पोलीस दलाने आपापले संघ उभारले. चांगल्या खेळाडूला नोकरी मिळू लागली, ही गोष्ट किरकोळ नाही. खोलीचे भाडे, धाकट्या भावाचे शिक्षण आणि गावी मनीऑर्डर, हे तिन्ही ज्या पगारातून होत असे तो पगार एखाद्या मजबूत पकडीमुळे सुरू झालेला असे. तेव्हापासून स्पर्धांमध्ये स्थानिक गट आणि व्यावसायिक गट असे दोन विभाग रूढ झाले. वाडीचे मंडळ वाडीशी आणि कंपनीचा संघ कंपनीशी खेळू लागला.

येथे हौशी या शब्दाविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. हौशी म्हणजे कच्चा, वेळ घालविण्यासाठी खेळणारा, असा अर्थ कोणी करीत असेल तर तो आम्हास मान्य नाही. खेळाबद्दल खेळाडूने मोबदला घेऊ नये आणि खेळाचा कारभार खेळणाऱ्यांच्याच वर्गणीतून चालावा, असा त्याचा मूळचा दंडक आहे. हा दंडक केवळ आपलाच नव्हे. पार ऑस्ट्रेलियात, मेलबर्न शहरात, तेथील स्थानिक फुटबॉलची गोष्ट आपल्या कबड्डीशी विलक्षण जुळते. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांनी शरीर सैल पडू देऊ नये म्हणून फुटबॉलचा संघ काढावा असे वृत्तपत्रास पत्र लिहिले. पुढच्याच वर्षी, १७ मे १८५९ रोजी, मेलबर्नच्या मंडळींनी एकत्र बसून अवघे १० नियम लिहून काढले. आणि त्या खेळाचे नामांकित संघ तेथील उपनगरांच्या नावांनीच ओळखले जाऊ लागले, कार्लटन, कॉलिंगवुड, रिचमंड असे. मोठे संघ पैशाच्या मार्गाने पुढे गेले तेव्हा १८९२ साली निघालेल्या एका संघटनेने, जिला पुढे व्हिक्टोरियन अमॅच्युअर फुटबॉल असोसिएशन हे नाव मिळाले, बिनमोबदल्याच्या खेळाची ज्योत राखली, आणि ती आजतागायत तेवत आहे. तेथे अठरा गडी लंबवर्तुळाकृती विस्तीर्ण मैदानात धावतात, येथे सात गडी एका अंगणाएवढ्या मातीत. पण गावचा खेळ, लिहून काढलेला नियम, उपनगराचे नाव आणि वर्गणीची वही, हा क्रम दोन्हीकडे एकच आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी मेलबर्नचे नावही ऐकले नसेल, तरी गरजा सारख्या असल्या की उपायही सारखेच सुचतात.

१९७० ते १९८० : शिट्टी, नियमपुस्तिका आणि मुली

१९७२ साली राष्ट्रीय संघटनेची अमॅच्युअर कबड्डी फेडरेशन ऑफ इंडिया या नावाने पुनर्रचना झाली आणि हौशी हा शब्द नावातच कोरला गेला. १९७४ साली भारताचा संघ बांगलादेशच्या दौऱ्यावर गेला. १९७८ साली भिलाई येथे आशियाई संघटना निर्माण झाली. या सर्व घडामोडींमागे ज्यांची अखंड धडपड होती ते शंकरराव उर्फ बुवा साळवी कबड्डीमहर्षी म्हणून ओळखले गेले, आणि त्यांची जन्मतिथी १५ जुलै आज महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरी होते. वर्षाकाठी एक दिवस तरी त्यांचे नाव प्रत्येक मैदानावर उच्चारले जाते, याचा आम्हास मनापासून संतोष वाटतो.

उपनगरांपुरते बोलावयाचे तर या दशकाची खरी कमाई म्हणजे पंच. एका सामन्यास एक सरपंच, दोन पंच, दोन रेषापंच आणि एक गुणलेखक लागतो. आणि दिवसाकाठी दहा सामने, तेही दोन मैदानांवर, लावावयाचे म्हणजे डझनभर निष्णात माणसे मैदानावर हजर हवीत. पंच-परीक्षा होऊ लागल्या, शिबिरे भरू लागली, आणि शाळांतील क्रीडाशिक्षक, कचेऱ्यांतील कारकून, निवृत्त खेळाडू असे नाना थरांतील लोक पांढरा पोषाख चढवून मैदानात उभे राहिले. झटापट सुरू होताच राखीव पट्टे खेळात येतात, दम तुटला की चढाई संपते, संपूर्ण संघ बाद झाल्यास लोणाचे दोन गुण वाढतात, हे सारे प्रेक्षकांसही कळते. परंतु चढाईपटूचा पाय आधी रेषेबाहेर गेला की हात आधी लागला, हे एका क्षणार्धात ठरविणे फार अवघड. आपला गडी आपल्या वाडीचा असताना त्याच्याविरुद्ध शिट्टी वाजविणारे पंच या जिल्ह्याने पाहिले आहेत, आणि आमच्या मते तेच उपनगरांच्या कबड्डी संघटनेचे सर्वांत मोठे भूषण होत.

मुलींचा खेळही याच काळात फोफावला. आरंभी घरून परवानगी मिळविणे हीच पहिली चढाई असे. पुष्कळ ठिकाणी शाळेच्या बाईंनी घरी जाऊन आईला समजाविले, थोरल्या भावाने सोबत जाण्याचे पत्करले, आणि मग मुलगी सरावास येऊ लागली. एकदा तिला नोकरीचे पत्र आले की त्याच आळीतील आणखी चार मुली आपोआप मैदानावर येत.

१९८० ते १९९० : संप, स्थलांतर आणि बीजिंग

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत हे तर आपल्या घाटकोपरचेच डॉक्टर. ज्या लालबाग-परळ भागात कबड्डीची मुळे सर्वांत खोल गेली होती, तेथील घरे त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू मोकळी होऊ लागली. कोणी गावी परतले, कोणी भांडूपला आले, कोणी कांदिवली-बोरिवलीकडे सरकले. या दुःखात उपनगरांची कबड्डी श्रीमंत झाली, हे लिहिताना मन जड होते, तरी ते खरे आहे. गिरणगावातील आखाड्यांत तयार झालेली माणसे, त्यांची पकडीची तंत्रे, गडी पारखण्याची त्यांची नजर, सारे काही त्यांच्या बोचक्यांबरोबर रेल्वेने उत्तरेस आले. ज्या गृहस्थाच्या हाताला काम उरले नव्हते, त्याने संध्याकाळी दहा मुले जमवून त्यांना टाच पकडावयास शिकविले.

संघटनेचे व्यवहारही कसोटीस लागले. कारखान्यांतील अस्वस्थतेमुळे काही व्यावसायिक संघ क्षीण झाले, देणग्या आटल्या. या काळात कार्यकर्त्यांत कार्यपद्धतीविषयी काही मतभेदही झाले. परंतु सर्वांच्याच अंतःकरणात खेळाचे हित असल्यामुळे ते यथावकाश मिटले आणि स्पर्धांचा क्रम टिकून राहिला, एवढेच येथे नमूद करणे पुरे.

याच दशकात खेळाने समुद्र ओलांडला. १९८० साली कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीचे प्रदर्शनीय सामने झाले. १९८५ साली ढाक्याच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत तिला प्रवेश मिळाला. आणि १९९० साली बीजिंगचे सुवर्णपदक आले. बातमी आली त्या संध्याकाळी वाडीच्या मैदानावर सरावास आलेल्या मुलांच्या छात्या केवढ्या फुगल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

१९९० ते २०१० : स्वतंत्र जिल्हा, आकसणारी माती

नव्या जिल्ह्याच्या निर्मितीने उपनगरांना शासनाच्या दरबारी स्वतःचे नाव मिळाले. जिल्हा क्रीडा कार्यालय, शालेय स्पर्धांचा स्वतंत्र जिल्हास्तर, अशी सोय झाली. किशोर गटास १६ वर्षांची व कुमार गटास २० वर्षांची वयोमर्यादा, तसेच वजनाची अट असल्यामुळे निवड-चाचणीच्या दिवशी सकाळपासून वजनकाट्यापुढे मुलांची रांग लागे, आणि अर्ध्या किलोसाठी उपाशीपोटी धावणारी मुले पाहून पालकांचा जीव खालीवर होई. २००५ साली राज्य शासनाने नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षणाची तरतूद केली, तिचाही लाभ अनेक घरांस झाला. गोरेगावच्या प्रबोधनसारख्या संस्थांनी शालेय क्रीडेचे जे वातावरण राखले, तेही या प्रदेशाच्या पुण्याईचाच भाग होय.

त्याच वेळी जमीन मात्र हातातून निसटत होती. चाळींच्या जागी इमारती, इमारतींच्या जागी मनोरे उभे राहिले. जेथे मैदान होते तेथे वाहनतळ आला. मंडळाची नोंदणी आहे, ढाली आहेत, गडी आहेत, परंतु सराव कोठे करावा हा प्रश्न दर वर्षी नव्याने सोडवावा लागे. कोणी शाळेचे पटांगण रात्रीपुरते मागून घेतले, कोणी उड्डाणपुलाखाली माती टाकली, कोणी सोसायटीच्या मोकळ्या तुकड्यावर तीन महिन्यांच्या मुदतीचा परवाना काढला. अर्जांची ती जाडजूड फाईल हीसुद्धा या संघटनेची एक ढालच आहे.

२००४ साली पहिली विश्वचषक स्पर्धा मुंबईत झाली आणि अंतिम सामन्यात भारताने इराणचा ५५–२७ असा पराभव केला. २००७ साली दुसरी स्पर्धा शेजारच्या पनवेलीत झाली. मॅट हा शब्द तेव्हापासून सर्वांच्या तोंडी बसला. मातीवर अनवाणी वाढलेल्या मुलास मॅटवर बूट घालून वळणे प्रथम जड गेले; पाय चिकटल्यासारखा वाटे, गुडघा दुखे. पण मॅट सभागृहात अंथरता येते आणि पावसाळ्यातही सराव थांबत नाही, हा लाभ मुंबईसारख्या चार महिन्यांच्या पावसाच्या मुलखात लहान नव्हे.

२०१० नंतर : दिव्यांचा झोत आणि रोजची संध्याकाळ

२०१० साली ग्वांगझूच्या आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांची कबड्डी आली आणि भारतीय मुलींनी सुवर्ण मिळविले. २०१२ साली पाटण्यात झालेल्या महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणवर २५–१९ अशी मात केली. त्या संघातील अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के या महाराष्ट्राच्या तिघी होत्या आणि राज्य शासनाने त्यांचा प्रत्येकी १ कोटी रुपये देऊन गौरव केला. अभिलाषाला पुढे अर्जुन पुरस्कारही लाभला. त्या वर्षानंतर मुलीला खेळू द्यावे की नाही, हा प्रश्न घराघरांतून विचारला जाणे बरेच कमी झाले.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीत प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. पहिल्या लिलावात राकेशकुमारला १२ लाख ८० हजार रुपये मिळाले तेव्हा लोकांनी डोळे विस्फारले. अवघ्या चार वर्षांनी मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख रुपये मिळाले. तीस सेकंदांची चढाई, तिसऱ्या चढाईत गुण मिळविण्याची सक्ती, अव्वल पकड, हे सारे शब्द गल्लीतील लहान मुले दूरचित्रवाणीवरून शिकून आली. या झगमगाटात हौशी खेळाचे काय होणार, अशी शंका काही ज्येष्ठांनी बोलून दाखविली होती. आम्हास वाटते की उंच मनोऱ्याला पाया लागतो तसा या लीगला वाडीच्या मंडळांचा पाया आहे. तेथे चमकणारा प्रत्येक गडी प्रथम कोणत्या तरी चिटणिसाच्या वहीत, फी भरल्याच्या शिक्क्यासह, नोंदला गेलेला असतो. २०१८ साली जकार्तात दोन्ही सुवर्णे हुकली, ती इराणने जिंकली, आणि २०२३ साली हांगझौ येथे दोन्ही परत आली. त्यात महिलांचा चिनी तैपेईवरील २६–२५ हा विजय भारताचे त्या स्पर्धांतील शंभरावे पदक ठरला. एका गुणाने पदकांचे शतक झाले, तेही मुलींच्या कबड्डीने.

राष्ट्रीय पातळीवरील कारभारात काही प्रशासकीय अडचणी मध्यंतरी उद्भवल्या व त्यांचे निराकरण न्यायालयाच्या देखरेखीखाली झाले. जिल्ह्यातील सामने मात्र त्याही काळात वेळापत्रकाप्रमाणे झाले. अलीकडे राज्य स्पर्धेसाठी मुंबई उपनगर पूर्व आणि मुंबई उपनगर पश्चिम असे दोन संघ उतरतात. कामकाजाच्या सोयीसाठी झालेली ही विभागणी रेल्वेच्या दोन मार्गांनी फार पूर्वीच करून ठेवली होती. मुलुंडच्या मुलास बोरिवलीला सामन्यास जावयाचे तर दादरला गाडी बदलून जाणे हा जो शिरस्ता होता, त्यातून पालकांची सुटका झाली.

सध्याचा वर्षक्रम पुढीलप्रमाणे चालतो. जूनमध्ये मंडळांची व खेळाडूंची नोंदणी. पावसाळ्यात पंच-शिबिरे आणि मॅटवरील सराव. १५ जुलैस कबड्डी दिन. दिवाळीनंतर, जमीन वाळली की, स्थानिक मंडळांच्या प्रकाशझोतातील स्पर्धा. त्यानंतर किशोर, कुमार व प्रौढ गटांच्या जिल्हा निवड-चाचण्या. आणि पुढे राज्य अजिंक्यपद व शासनाची छत्रपती शिवाजी महाराज चषक स्पर्धा. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या चारही भागांत काही मंडळे आजही मातीचेच मैदान करतात. माती वेचण्यास येणाऱ्या हातांची संख्या घटली आहे, तरी सुतळी ताणण्याच्या वेळी जुनी माणसे खुर्ची टाकून जवळ बसतात आणि रेष इंचभरही सरकली तर उठून उभी राहतात.

या स्मरणिकेच्या निमित्ताने संघटनेच्या दप्तरात एक स्वतंत्र कपाट ठेवण्याचा ठराव करावा, अशी आमची सूचना आहे. ज्या घरांत जुनी गुणपत्रके, स्पर्धांच्या निमंत्रणपत्रिका, संघांची छायाचित्रे, मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या किंवा आकडे शिवलेले बनियन जपून ठेवलेले असतील, त्यांनी ते मंडळाच्या चिटणिसांमार्फत पोचते करावेत. मूळ वस्तू परत हवी असल्यास प्रत करून ती परत दिली जावी, आणि देणाऱ्याचे नाव व वाडीचे नाव नोंदवहीत लिहिले जावे. वाडीचे नाव आवर्जून लिहावे, कारण त्यांपैकी कित्येक वाड्या आता नकाशावर राहिलेल्या नाहीत.